यिन शाओचिंगचा दगड आणि दोघीजणी

यिन शाओचिंग गेल्याची बातमी हशुन गावाला त्याच्या दुसऱ्या बायकोनेच आणली. त्यामुळे गावाला दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या.

पाऊस संपून रस्ते वाळले की ब्रह्मदेशातल्या भामोहून खेचरांचा तांडा येतो. त्या वर्षी तांड्याच्या शेवटी दोन खेचरांच्या मध्ये बांबूची झोळी बांधलेली होती, झोळीत गोणपाटात गुंडाळलेला दगड होता, आणि मागच्या खेचरावर एक बाई होती. चाळिशीची असेल. लुंगी नेसलेली, केसांत कंगवा, तोंडात चिरूट. तांड्याचा म्होरक्या शा याने पुलापाशी खेचरं थांबवली आणि मला निरोप धाडला, कारण एवढा मोठा दगड कापणारा हशुनमध्ये मी एकटाच. बाकीचे सगळे तेंगयुए शहरात बसतात.

"चाओ, हा दगड तुझ्याकडे," शा म्हणाला. "आणि ही... हिला कुठे उतरवू?"

"कोण ही?"

"यिन शाओचिंगची बायको."

"शाओचिंगची बायको तळ्यापाशी राहते."

"ती ती. ही ही."

आमच्या गावचे पुरुष जेडच्या हिरव्या दगडासाठी ब्रह्मदेशात जातात. माझे आजोबा गेले होते, त्यांचे आजोबाही गेले होते. मध्ये बंडाळीत अठरा वर्षं रस्ता बंद होता, तेव्हा कोणी गेलं नाही. रस्ता उघडला त्याच आठवड्यात पुन्हा निघाले. खाणी काचिन लोकांच्या डोंगरात, जकात मोगाउंगला, आणि दगड हातात घेऊन वेडे होणारे आम्ही. पुढे कँटनचे व्यापारी समुद्राने यायला लागले, चांगला माल रंगूनहून बोटीने जाऊ लागला आणि खेचरांच्या वाट्याला उरलासुरला राहिला. तरी पुरुष जातातच. लग्न करून जातात, आणि मग चार-सहा वर्षांनी एकदा येतात. तिकडे त्यांची जी काही सोय होते तिच्याबद्दल इकडे कोणी विचारत नाही. पण ती सोय खेचरावर बसून गावात आली, असं कधी झालं नव्हतं.

पुलाखालीच धुण्याचा मंडप आहे. तिथल्या बायकांनी धुणं थांबवलं. झोळीच्या गाठी सुटेपर्यंत बातमी तळ्यापर्यंत पोचली होती, आणि दगड माझ्या अंगणात उतरेपर्यंत फंगश्येन वहिनी काठी टेकत दारात उभी होती. शाओचिंगची इथली बायको ती, तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. पावलं लहानपणी बांधलेली, त्यामुळे चालणं बेताचं. त्या दिवशी बरीच भरभर आली असावी.

तिने आधी दगडाकडे पाहिलं, मग बाईकडे.

"ह्यांना काय झालं?"

"ताप," बाई म्हणाली. "अकरा दिवस. मग मेला."

"वारले म्हणावं."

"वारला," बाई म्हणाली.

तिचं नाव प्वासेइन. मोगाउंगच्या बाजारात तिचं स्वतःचं दुकान होतं. आमची भाषा तिला आमच्याच व्यापाऱ्यांकडून आलेली, म्हणजे आकडे, दगडांचे रंग आणि शिव्या पक्क्या; बाकी जेवढ्यास तेवढं. तिने कमरेची पिशवी सोडून एक चिठ्ठी काढली आणि वहिनीपुढे धरली. वहिनीला वाचता येत नव्हतं. म्हणून मोठ्या यिनना बोलावलं. ते यिन कुळाचे प्रमुख, कुलमंदिराच्या किल्ल्या त्यांच्याकडे. ते आले, चष्मा पुसला, आणि पूर्वजांपुढे वाचतात त्या आवाजात त्यांनी चिठ्ठी वाचली.

"हा दगड मी तेवीस वर्षांपूर्वी घेतला. विकायला दहादा काढला आणि दहादा परत ठेवला. कापायचा धीर झाला नाही. चाओकडून कापून घ्या. दोघी समोर बसा. अर्धा हिचा, अर्धा तिचा. आत काय निघालं ते मला कळवा."

मोठ्या यिननी चिठ्ठीची घडी घातली. "'हिचा' म्हणजे कोणाचा? वंशावळीत बायको एकच आहे."

"मी ही," प्वासेइन म्हणाली. "ती ती."

"तू वंशावळीत नाहीस."

"दगड आहे का वंशावळीत?"

मोठे यिन खाली वाकले. दगड त्यांनी नीट पाहून घेतला. वजन अडीच मण, करडी साल, सालीवर शेवाळासारखी काळी रेघ, आणि एका बाजूला तळहाताएवढी साल घासून केलेली खिडकी. खिडकीतून हिरवं दिसत होतं. फार नाही, पण माणसाने बाकीचं स्वतःच्या मनाने भरावं एवढं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे यिन फान शेठना घेऊन आले. फान शेठ तेंगयुएचे व्यापारी. त्यांनी दगड ओला केला, खिडकीवर डोळा लावला, सुस्कारा टाकला आणि म्हणाले की दगड सामान्य आहे. दगड खरोखर सामान्य असता तर ते चहा पिऊन गेले असते, हे मलाही कळलं. मग त्यांनी लांब बाही पुढे केली. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. बाहीच्या आत एकमेकांची बोटं दाबून सांगतात. ती बाही त्यांनी मोठ्या यिनपुढे धरली होती. प्वासेइनने मध्येच आपला हात त्यात घातला.

परक्या बाईचा हात बाहीत आल्यावर काय करायचं याचा फान शेठना अनुभव नसावा. पण ते व्यापारी होते, बोटं आपसूक चालायला लागली. दोघं बराच वेळ एकमेकांकडे न बघता उभे राहिले. मग प्वासेइनने हात काढला आणि लुंगीला पुसला.

"काय म्हणाले?" वहिनीने विचारलं.

"तीनशे. चांदीचे रुपये."

तीनशे रुपयांत तेव्हा तळ्याकाठी घर येत होतं.

"मग?"

"त्याने सांगितलं कापा. मी नाही विकणार. अर्धा तुझा, ताई. तू बोल."

वहिनीला कोणी तू बोल म्हणून सांगितल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. ती बोलायच्या आतच मोठे यिन म्हणाले, "सूनबाई, यात तुझ्या बोलण्याचा प्रश्न येत नाही. शाओचिंगला मुलगा नाही. दगड कुळाचा. कुलमंदिराचं छप्पर गळतंय."

फंगश्येन वहिनी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. "आजोबा," ती म्हणाली, "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. त्यात ते माझ्यापाशी मिळून सतरा महिने राहिले. सासूबाईंचं अंथरुणातलं आजारपण मी काढलं, नऊ वर्षं. त्यांची माती मी केली. कुळाने मला त्यात काय दिलं?"

"कुळाने तुला मान दिला."

"मग तो घेऊन जा. दगड राहू दे."

मोठे यिन गेले. फान शेठही गेले, पण दगड उघडायच्या दिवशी पुन्हा येतो म्हणून गेले.

आता दगड कापायचा तर करवत दोघांनी ओढावी लागते. बांबूचं मोठं धनुष्य असतं, त्याला पीळ दिलेली लोखंडी तार. एक इकडे बसतो, एक तिकडे, आणि तारेखाली लाल वाळू नि पाणी सोडत राहायचं. तार दगड कापत नाही, वाळू कापते. दिवसाला दोन-तीन बोटं. माझ्या समोरच्या बाजूला वीस वर्षं माझा मेहुणा बसत आलेला, पण तो त्याच महिन्यात पर्सिमनच्या झाडावरून पडून मनगट मोडून घेऊन बसला होता. शहरातल्या कारागिरांना नव्या वर्षापर्यंत सवड नव्हती. शाचा तांडा पंधरा दिवसांनी परत निघणार, आणि प्वासेइनला त्याच्याबरोबरच जायचं होतं.

"मी ओढते," प्वासेइन म्हणाली.

"हे बायकांचं काम नाही."

"कोणाचं आहे? तुझ्या मेहुण्याचं? बोलाव."

ती ओढायला बसली. पहिल्या दिवशी तिने तार दोनदा तोडली आणि आमच्या भाषेतल्या तिला येत होत्या तेवढ्या शिव्या संपवल्या. दुसऱ्या दिवशी तिला लय सापडली. तिसऱ्या दिवशी तळहातांना फोड आले. चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे वहिनी रोज समोर येऊन बसत होती. भिंतीला टेकून, कापडी बुटांचे तळवे शिवत. प्वासेइनने हाताला फडकं गुंडाळलेलं तिने पाहिलं. थोडा वेळ शिवलं. मग बुटाचा तळवा खाली ठेवला.

"सरक," ती म्हणाली.

बसूनच ओढायचं असल्यामुळे पावलांचा प्रश्न नव्हता. आणि नऊ वर्षं अंथरुणातल्या माणसाला उचलून ठेवणाऱ्या बाईच्या दंडात काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. ती मला ओढून पुढे आणायची.

पाचव्या दिवशी मी वाळू चाळायला उठलो तेव्हा माझ्या जागेवर प्वासेइन येऊन बसली. मी परत आलो तर दोघी दोन बाजूंना बसून ओढत होत्या. मला त्यांना उठवायला काही कारण सापडेना. तेव्हापासून मी वाळू आणि पाणी घालायला लागलो. अंगणाच्या भिंतीवरून डोकावणारी माणसं वाढली. मोठ्या यिननी तिकडून जाणं बंद केलं.

सुरुवातीला दोघी बोलत नव्हत्या. करवतीचा आवाज एवढा कंटाळवाणा असतो की शेवटी माणूस बोलतोच.

"तो गायचा," प्वासेइन म्हणाली.

"कोण?"

"शाओचिंग. आंघोळ करताना. दगड बघताना. वाईट गायचा."

"ते गात नव्हते."

"रोज."

"माझ्याशी ते बोलतसुद्धा नव्हते. जेवायला वाढलं की हं म्हणायचे. जेवून झालं की हं म्हणायचे."

"बस?"

"दिवसातून दोनदा जेवायचे."

प्वासेइनने ओढता ओढता यावर विचार केला. "उंच होता ना? डाव्या कानाला चीर?"

"चीर लहानपणची. पतंगाच्या दोऱ्याने."

"मला सांगितलं, काचिन माणसाने तलवार मारली."

"पतंग होता. चाओभाऊंना विचार."

पतंग माझाच होता, हे मी सांगितलं. प्वासेइनने त्याला एक शिवी दिली, ठेवणीतली, जरा प्रेमाने.

"माझ्याकडे बंदच व्हायचा नाही," ती म्हणाली. "बडबड, बडबड. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी म्हणायची, अरे बाबा, गप्प बस, आता मी बोलते. बाहेर जाऊन बैलांशी बोलायचा."

वहिनीने हात सोडला. धनुष्य कलंडलं, तार दगडात अडकली. ती उठली, काठी न घेताच अंगणाच्या टोकापर्यंत गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. प्वासेइनने माझ्याकडे पाहिलं. मी तारेकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने वहिनी परत आली, बसली, फडकं हाताला नीट गुंडाळलं.

"सासूबाई पलीकडच्या खोलीत असायच्या," ती म्हणाली. "मध्ये बांबूची भिंत होती. खोकलं तरी ऐकू जायचं." मग धनुष्य उचललं. "काय बोलायचा?"

मी वाळू घातली.

"सगळं," प्वासेइन म्हणाली. "तुझंपण."

"माझं काय?"

"तू मुळ्याचं लोणचं घालतेस, तसं मला येत नाही. रोज सांगायचा. मी दोनदा बरणी फोडली. तुझे पाय पावसात दुखतात. आणि माशाचं."

"कुठल्या माशाचं?"

"सासू म्हणाली, मासा घरातल्या पुरुषासाठी असतो. तू म्हणालीस, पुरुष भामोला आहे, मासा तिकडे धाडू का?"

वहिनीचा चेहरा लाल झाला. "हे त्यांना कोणी सांगितलं?"

"शाने. मग शाओचिंग सगळ्यांना सांगायचा. मोगाउंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना?"

"काचिन लोकांनापण. काचिन लोकांना फार आवडतं."

वहिनी हसली. ती लग्न होऊन आली तेव्हापासून मी ओळखतो, पण तिला हसताना पाहिलं नव्हतं. तोंडावर हात घ्यायचा तर धनुष्य सोडावं लागलं असतं, म्हणून तिने तसंच हसून घेतलं.

त्यानंतर काम हळू झालं, कारण बोलणं वाढलं. प्वासेइन आपल्या पिशवीतलं माशाचं आंबवलेलं वाटण जेवायला काढायची आणि वहिनी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची. आठव्या दिवशी तिने ते बोटभर चाखलं आणि म्हणाली, "घाण आहे." मग आणखी बोटभर घेतलं.

नवव्या दिवशी दुपारी तार पलीकडे पोचली. फान शेठ सकाळपासून येऊन बसले होते. मोठे यिनही आले, सहज इकडून जात होतो म्हणून. शा आला. धुण्याच्या मंडपातल्या बायका ओल्या कपड्यांच्या टोपल्यांसकट आल्या. मी पाचर ठोकली. दगड दोन भाग होऊन गवताच्या पेंढ्यांवर पडला. मी दोन्ही भागांवर पाणी ओतून चिखल धुतला.

आत पांढरं होतं.

शिजल्या भातासारखं पांढरं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चीर नाही, डाग नाही आणि हिरव्याचा थेंब नाही. खिडकीतलं हिरवं नखाएवढ्या जाडीचं निघालं. जिथे घासलं होतं तिथेच होतं, दुसरीकडे कुठेच नव्हतं.

फान शेठनी टोपी घातली. चहा राहू द्या म्हणाले.

मोठे यिन थोडा वेळ दोन्ही भागांकडे बघत राहिले. "शेवटी," ते म्हणाले, "ही त्या दोघींची घरगुती बाब आहे. कुळाने त्यात पडू नये." आणि तेही गेले.

"तीनशे," वहिनी म्हणाली.

"हो," प्वासेइन म्हणाली. मग तिने आमच्या बोलीत एक शिवी घातली. एवढी लांब आणि व्याकरणात एवढी बिनचूक की शहरात जन्मलेल्यालाही जमली नसती.

"म्हणजे काय?" वहिनीने मला विचारलं.

मी सांगितलं नाही. शाने सांगितलं. वहिनीने ती ऐकून घेतली, जरा घोळवून पाहिली आणि दगडाकडे बघत हळू आवाजात स्वतः म्हटली. पहिल्यांदाच म्हणत होती, त्या मानाने चांगली म्हटली.

चिठ्ठीत कळवायला सांगितलं होतं, म्हणून दोघींनी मला कागदावर लिहायला लावलं. मी विचारलं, काय लिहू? प्वासेइन म्हणाली, लिही आत हिरवं निघालं, मेलेल्याला काय कळतंय. वहिनी म्हणाली, नको, तेवीस वर्षं वाट बघितलीये त्याने, खरं ते लिहा. मी लिहिलं, "पांढरा." मेलेल्याला निरोप जाळूनच पोचतो, म्हणून कागद तिथेच अंगणात जाळला. वारा नव्हता, त्यामुळे चांगला जळला.

तो दगड अगदीच वाया गेला असं नाही. अखंड होता, बांगड्या निघण्यासारख्या होत्या. पांढरी बांगडी श्रीमंत घालत नाहीत. पण शेतकऱ्याच्या घरी मुलीच्या लग्नात हातात काहीतरी लागतंच. मी दोघींना सांगितलं, दोन महिन्यांत करून ठेवतो, शा येईल तेव्हा प्वासेइनच्या वाटणीच्या त्याच्याबरोबर धाडतो.

पंधराव्या दिवशी तांडा पुलापाशी जमला. प्वासेइन खेचरावर बसली, चिरूट पेटवला. तेवढ्यात फंगश्येन वहिनी आली. पाठीला गाठोडं, काखेत मुळ्याच्या लोणच्याची बरणी. ती शापाशी गेली आणि म्हणाली, "मला एक शांत खेचर दे."

कोणीतरी पळत जाऊन मोठ्या यिनना घेऊन आलं. ते धापा टाकत पुलावर उभे राहिले.

"सूनबाई, आपल्या बायका ब्रह्मदेशात जात नाहीत."

"ही आली की इकडे."

"ती तिकडची आहे."

"मग तिला पोचवायला नको का कोणी?"

"आणि तू परत कधी येणार?"

"ते शाला विचारा. रस्ता त्याला माहीत आहे."

शाने तिला खेचरावर चढवलं. ती खेचरावर पहिल्यांदाच बसत होती. दोन्ही हातांनी खोगीर धरून, ताठ, समोर बघत. धुण्याच्या मंडपातल्या बायका उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्यातली एक, जिचा नवरा अकरा वर्षं मंडाले शहरात आहे, ती बराच वेळ बघत राहिली. मग पुन्हा धुवायला बसली.

पुढची दोन वर्षं वहिनीच्या बातम्या शाकडून यायच्या. पोचताना ताप आला, बरी झाली. दुकानात बसते. पहिल्या वर्षात तीन दगड घेतले, तिन्ही वाईट. आता बाहीत बोटं घालून भाव करते आणि प्वासेइनपेक्षा चिकट आहे. पांढऱ्या बांगड्या मी तांड्याबरोबर धाडल्या, आणि त्या मोगाउंगच्या बाजारात शान जमातीच्या मुलींनी घेतल्या. म्हणजे दगड तिकडून इकडे आला, कापला गेला आणि पुन्हा तिकडेच विकला गेला. असा उलटा व्यापार माझ्या माहितीत दुसरा नाही. शा म्हणाला, नफा झाला; मला ते खरं वाटलं नाही, पण शाला खोटं बोलायचं काही कारणही नव्हतं.

तिसऱ्या हिवाळ्यात वहिनी परत आली. काळवंडली होती, जाड झाली होती आणि येताना प्वासेइनला घेऊन आली होती. आल्यावर दोघी माझ्याकडे चहाला आल्या. मी वहिनीला विचारलं, शाओचिंगची कबर पाहिलीस का, कशी आहे?

"पाहिली," ती म्हणाली. "उतारावर आहे. फार मोठी नाही. रस्त्याला लागूनच, शेजारी एकाचं गुळाचं दुकान. खाणीवर जाणारे लोक तिथेच थांबतात, खेचरांना पाणी पाजतात, दिवसभर गोंगाट." तिने चहाचा घोट घेतला. "मोठे यिन म्हणत होते, हाडं इकडे आणू, कुळाच्या टेकडीवर ठेवू, तिथे कशी शांतता आहे."

"मग?"

"मी म्हटलं, राहू द्या तिथेच."